निळं बटण

उभी हयात वीज कंपनीत मीटरचे आकडे टिपण्यात घालवलेल्या माणसाला सगळी इमारत रीडरकाका म्हणायची. माणूस निवृत्त होतो, नजर होत नाही, हे त्यांचं लाडकं वाक्य. ते त्यांनी स्वतःच तयार केलं होतं आणि ते ऐकावं लागलं नाही असा एकही माणूस इमारतीत उरला नव्हता. पुढे जे झालं त्यानंतर मात्र त्यांनी ते वाक्य पुन्हा उच्चारलं नाही. आता ही सगळी हकिगत ते स्वतःच सांगतात. चहा समोर आला की कुणी न विचारताही सांगतात, आणि सांगताना स्वतःला तसूभरही सूट देत नाहीत.

नोकरीत असताना त्यांची एक शान होती. मीटरपुढे ते एका श्वासापेक्षा जास्त थांबायचे नाहीत. दारातून आत, जिन्याखाली वाकायचं, टॉर्च मारायचा, आकडा टिपायचा, बाहेर. थांबून बघतो तो नवशिका, असं ते म्हणायचे. पोस्टमनला पत्रातल्या मजकुराशी देणंघेणं नसतं, तसं त्यांचं विजेशी होतं. ती येते कुठून, जाते कुठे, तारेतून वाहते म्हणजे नक्की काय करते, या भानगडीत ते कधी पडले नव्हते. पण ज्याने जन्मभर मीटर बघितले त्याला विजेतलं सगळं कळतं असा लोकांचा समज होता, आणि लोकांचा चांगला समज दूर करण्याइतके रीडरकाका निष्ठुर नव्हते.

पूर्वी अख्ख्या इमारतीला एकच मीटर होता, तोही मालकाच्या कुलपात. महिना संपला की मालक प्रत्येक घरातली माणसं मोजायचा, जरा वेळ डोळे मिटायचा आणि कुणाचा वाटा किती ते सांगायचा. त्यामुळे शेजाऱ्याने उधळलेली वीज आपण भरतोय असं प्रत्येकाला वाटायचं. भिंतीपलीकडे मिक्सर फिरला की अलीकडे कुणाच्या तरी कपाळाला आठी पडायची. शेवटी लोक कंटाळले, एकत्र बसले, मालकाला राजी केलं आणि छतावर सौर पॅनेल बसवली. छतावरच्या उन्हात प्रत्येक घराचा सारखा वाटा. आपल्या वाट्यातलं वापरून उरेल ते सामाईक बॅटरीत जायचं, आणि ज्याला कमी पडेल त्याने तिथून घ्यायचं. कोण किती घेतं ते सगळ्यांना दिसावं म्हणून प्रत्येक घराचा मीटर जिन्याखाली, काचेच्या पेटीत, उघड्यावर. कुलूप नाही, अंदाज नाही, संशय नाही. कल्पना झकास होती. तिच्यात खोट एकच, ती राबवायला रीडरकाका पुढे होते.

मीटर बसवायला आलेल्या इंजिनिअर बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. काम संपल्यावर त्यांनी सगळ्यांना जिन्याखाली जमवलं आणि समजावून सांगायला सुरुवात केली. इथे दोन आकडे असतात, कोपऱ्यातला बाण बघायचा, हे निळं बटण दाबलं की... एवढं बोलून होतंय तोच रीडरकाकांनी हात वर केला. बाई, मला मीटर शिकवू नका, तुमच्या जन्माआधीपासून मीटर वाचतोय मी, असं ते हसत हसत म्हणाले. सगळे हसले. बाईही हसल्या. पण त्या जरा चिकाटीच्या होत्या, त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्या पूर्ण वेळात रीडरकाका जाणकारासारखी मान डोलवत होते. मान डोलवताना ऐकू येत नाही, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

जाताना बाईंनी पेटीशेजारी चित्रांसकट एक सूचनापत्रक चिकटवलं. दुसऱ्याच दिवशी रीडरकाकांनी आपल्या वळणदार अक्षरात एक पाटी लिहिली, ‘मीटरला हात लावू नये. चौकशी रीडरकडे करावी.’ जिन्याखालची भिंत खडबडीत होती, गुळगुळीत जागा एवढी एकच. त्यांनी पाटी त्या सूचनापत्रकावरच डिंकाने पक्की बसवली.

दर रविवारी सकाळी ते धुतलेला शर्ट घालून खाली उतरायचे. जिन्याखाली अंधार असायचा, म्हणून निळं बटण दाबायचे. बटण दाबलं की मीटरची काच उजळायची, त्या आठवड्याचा आकडा ठळक दिसायचा. एका श्वासात वाचायचा, पुढच्या मीटरकडे वळायचं. काचेच्या कोपऱ्यात एक बारीकसा बाण असायचा, तो त्यांना शोभेचा वाटला. मग जिन्याच्या तोंडाशी टांगलेल्या फळ्यावर ते घरांची नावं क्रमाने मांडायचे. ज्याचा आकडा सगळ्यांत मोठा तो वर, ज्याचा लहान तो खाली. सलग तीन रविवार जो वर राहील त्याच्या घरी लिमिटर बसवायचा, असा नियमही त्यांनीच सुचवून मंजूर करून घेतला होता. लिमिटर म्हणजे एक छोटी पेटी. ती बसली की घरात दिवे आणि पंखा चालतात, त्याहून जड काही लावलं की सगळं आपोआप बंद पडतं.

पहिल्याच रविवारी फळ्यावर तळाला, म्हणजे सर्वांत काटकसरी, कोणाचं घर आलं असेल? रीडरकाकांचं. त्यांची छाती अशी काही फुगली की शर्टाचं वरचं बटण सोडावं लागलं. बायकोला मात्र हे काही केल्या पटेना. ती घरी ओव्हनमध्ये ऑर्डरची बिस्किटं भाजायची, दुपारभर ओव्हन तापलेला असायचा. शिवाय रीडरकाकांना संध्याकाळी अंघोळीला कढत पाणी लागायचं, म्हणजे गिझर. आपण तळाला कसे, असं तिने दोनदा विचारलं. रीडरकाका म्हणाले, घराला शिस्त असली की ओव्हनलाही शिस्त लागते. बायकोने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि ती बिस्किटांकडे वळली.

आणि फळ्यावर सगळ्यांत वर होती टेलरताई.

तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ती आणि तिचे वडील राहायचे. म्हातारा हाडापेराने चांगला, पण उकाडा त्याला अजिबात सोसायचा नाही. मोटर बसवलेल्या मशीनवर ती कपडे शिवायची, त्यावरच दोघांचं पोट. फळ्यावर आपलं घर वर बघून ती भांबावलीच. रीडरकाकांनी तिला वडीलकीच्या नात्याने चार शब्द सुनावले. काटकसर म्हणजे काय, सामाईक साठा म्हणजे काय, एकाने ओरबाडलं की दुसऱ्याला कसं कमी पडतं, सगळं सविस्तर सांगितलं. शेवटचा शब्द संपेपर्यंत ती मान खाली घालून उभी राहिली.

त्या आठवड्यात तिने मशीनची मोटर काढून ठेवली आणि पायडल मारून शिवायला लागली. मोटरची गुणगुण थांबली आणि दिवसभर खडखड सुरू झाली. तिने इस्त्री लाकडी कोळशावर घेतली, दिवसा दिवे लावणं सोडलं. पुढच्या रविवारी तिचा आकडा आणखी मोठा निघाला.

रीडरकाकांनी फळ्यावर तिचं नाव लिहिताना खडू जरा जोरातच दाबला. समोरच्या घरातला दुकानदार, ज्याच्याकडे दोन फ्रिज होते आणि फळ्यावर जो रीडरकाकांच्या खालोखाल काटकसरी ठरला होता, तो म्हणाला की काही माणसांना लाज म्हणून नसते. रीडरकाकांना ते बोलणं कडक वाटलं, पण चूक वाटलं नाही.

त्याच दिवशी सगळे पांगल्यावर टेलरताई त्यांच्याजवळ आली. तिने काल सकाळी उजेड असताना बटण न दाबताच मीटर बघितला होता. तेव्हा तिथे वेगळाच आकडा होता, अगदी लहान.

“काका, हा दुसरा आकडा कसला असतो?” तिने विचारलं.

रीडरकाकांना माहीत नव्हतं. आता ते स्वतःच सांगतात की ‘माहीत नाही’ हे दोन शब्द जिभेच्या टोकापर्यंत आले होते, पण तिथे नोकरीची सगळी वर्षं ठाण मांडून बसली होती. ते म्हणाले, “तो कंपनीचा अंतर्गत आकडा असतो. आपण त्याच्याकडे बघायचं नाही.” ती बरं म्हणाली आणि गेली.

तिसऱ्या आठवड्यात तिने वडिलांचा पंखासुद्धा दुपारचा बंद ठेवला. म्हातारा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन बसायला लागला. रीडरकाका जेवणानंतरच्या वामकुक्षीआधी शतपावली घालायला खाली उतरायचे, तेव्हा तो भेटायचा. बनियन पाठीला चिकटलेला, हातात पुठ्ठा. इथे काय बसलात, घरात बसा की, असं रीडरकाकांनी एकदा विचारलं. म्हातारा हसून म्हणाला, “इथे वारा फार छान येतो हो.” रीडरकाकांना बरं वाटलं. आपली इमारत हवेशीर आहे, असा विचार करत ते वर गेले, पंखा पाचवर टाकला आणि गाढ झोपले.

तिसऱ्या रविवारी टेलरताईचा आकडा सगळ्या इमारतीच्या वर गेला. नियम म्हणजे नियम. पुढच्या रविवारी बैठकीत मंजुरी घ्यायची आणि सोमवारी वायरमनने येऊन लिमिटर बसवायचा, असं ठरलं. टेलरताई फक्त एवढंच म्हणाली की लिमिटर बसला तर मोटर परत कधीच लावता येणार नाही, आणि पायडलने तिचे गुडघे गेलेत. तिला मोठ्या दुकानाचं काम मिळणार होतं, ते पायडलवर होण्यासारखं नव्हतं. दुकानदार म्हणाला, सगळ्यांनाच अडचणी असतात.  न्याय कठोर असतो, असं मनाशी म्हणून रीडरकाका बायकोबरोबर मुलीच्या घरी आठवडाभर राहायला गेले.

जाताना त्यांनी फ्रिज रिकामा करून बंद केला, ओव्हनची पिन काढली आणि शेवटी घराचा मुख्य स्विचच खाली ओढला. दाराला कुलूप लावताना बायकोला म्हणाले, बघ, याला शिस्त म्हणतात.

रविवारी सकाळी परतले. बॅग तशीच जिन्याशी ठेवून ते आधी मीटरच्या पेटीकडे गेले, कारण संध्याकाळी बैठक होती. टेलरताईचा आकडा नेहमीसारखा भला मोठा. मग त्यांनी स्वतःच्या मीटरचं बटण दाबलं, एका श्वासात वाचलं, पुढे गेले, आणि पायाला खिळा ठोकल्यासारखे थबकून मागे आले. आकडा टेलरताईच्या आकड्याच्याही वर होता.

आठवडाभर बंद असलेल्या घराने इमारतीतली सगळ्यांत जास्त वीज खाल्ली होती. रीडरकाकांचा पहिला निष्कर्ष तयारच होता. चोरी. कुणीतरी आपल्या लाइनवर आकडा टाकलाय. त्यांनी मनातल्या मनात एकेक दार तपासलं, आणि त्यांना कबूल करायला अजूनही लाज वाटते, पण पहिलं दार टेलरताईचं होतं. आठवड्यापूर्वी जिला फुकट सल्ले देत होते तिच्यावर चोरीचा आळ घ्यायला त्यांना एक श्वासही लागला नाही.

ते घरी गेले, मुख्य स्विच अजून खालीच होता हे बघितलं, बायकोला त्याला हात लावू नको म्हणून बजावलं आणि पुन्हा जिन्याखाली आले. चोर रंगेहाथ पकडायचा होता. बटण दाबून ते मीटरपुढे उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ते मीटरपुढे एका श्वासापेक्षा जास्त थांबले होते. आकडा हळूहळू चढत होता. घरात एक दिवा नाही आणि आकडा चढतोय. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

मग आकडा थांबला.

चोराला आपली चाहूल लागली, असं त्यांना वाटलं. ते बाहेर डोकावले. गल्लीत कुणी नव्हतं, नुसतं अंधारून आलं होतं, सूर्यापुढे एक ढग आला होता. थोड्या वेळाने ढग सरकला, भिंतीवर ऊन पसरलं, आणि आत आकडा परत चढायला लागला. रीडरकाकांनी ढगाकडे बघितलं, मीटरकडे बघितलं. आणखी एक ढग येईपर्यंत वाट बघितली. ढग आला, आकडा थांबला. ढग गेला, आकडा चालू झाला. चोराचं ढगाशी काय साटंलोटं असावं याचा त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला, हेही ते लपवत नाहीत.

मग त्यांची नजर स्वतःच्या पाटीवर गेली. पाटीच्या कडेने चित्राचा एक कोपरा डोकावत होता. त्यांनी नखाने पाटी उचकटली. डिंक चांगला होता, पाटीचे तुकडे झाले. खाली इंजिनिअर बाईंचं चित्र होतं, लहान मुलालाही कळेल असं. पहिला आकडा, बाण घराकडे, या घराने सामाईक साठ्यातून घेतलेली वीज. निळं बटण दाबा. दुसरा आकडा, बाण घराबाहेर, या घराने आपल्या वाट्यातून सगळ्यांना दिलेली वीज. दोन्ही आकडे चालू आठवड्याचे, मागचे आठवडे खालच्या छोट्या बटणाने.

रीडरकाका पायरीवर बसले. इतके आठवडे ते बटण दाबून दुसराच आकडा वाचत होते. ज्याने सगळ्यांना जास्त दिलं त्याला त्यांनी फळ्यावर चोरासारखं वर टांगलं होतं, आणि ज्याने काहीच दिलं नाही त्याला शाबासकी दिली होती. टेलरताईने एकेक वस्तू बंद केली तसतशी तिच्या वाट्यातली जास्त वीज सगळ्यांच्या साठ्यात गेली. म्हणून तिचा आकडा वाढला, म्हणून त्यांनी तिला आणखी बोल लावले, म्हणून तिने आणखी बंद केलं. त्यांनी निळं बटण न दाबता सगळ्या मीटरांचे मागचे तीन आठवडे वाचले. सर्वांत जास्त घेणारं घर त्यांचंच होतं. दुकानदार दुसरा. दुपारच्या त्या गाढ झोपेत डोक्यावर जो पंखा फिरत होता तो कुणाच्या वाट्यावर फिरत होता, हे तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

वर जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती हातातला डबा ठेवून ऐकत राहिली. “म्हणजे नोकरीभर तुम्ही हेच दिवे लावलेत का?” तिने विचारलं. तेव्हाच्या मीटरवर एकच आकडा असायचा, असं त्यांनी अगदी लहान आवाजात सांगितलं. मग ते म्हणाले की एक मार्ग आहे. मीटरमध्ये बिघाड निघाला म्हणून सांगायचं. टेलरताईचा लिमिटर रद्द होतो, तिचं काम वाचतं, कुणाला दोष नको. सगळं सुरळीत.

 बायकोने फक्त बटण लावायचं राहिलेला त्यांचा शर्ट नीट केला आणि खाली बैठक असल्याची आठवण करून दिली.

बैठकीला जिन्यात सगळे दाटीवाटीने बसले होते. टेलरताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, म्हातारा नेहमीच्या पायरीवर. रीडरकाका उभे राहिले, घसा खाकरला आणि ठरवलेलं वाक्य बोलले. मीटरमध्ये थोडा बिघाड आढळला आहे, तेव्हा लिमिटरचा विषय तूर्त स्थगित.

त्यांना वाटलं, सुटलो. पण दुकानदार उठला. तो म्हणाला की मी पहिल्यापासून सांगत होतो, ही नवी थेरं आपल्याला झेपायची नाहीत. रीडरकाकांसारख्या माणसाला कळत नसेल तर आपल्याला काय कळणार? काढून टाका सगळं. जुना एकच मीटर बरा होता, मालक आपला अंदाजाने सांगायचा, भांडण नव्हतं. दोघातिघांनी माना हलवल्या. एका मिनिटात उघड्या मीटरची सगळी कल्पनाच भंगारात निघाली, आणि ती टाकायला पुन्हा रीडरकाकांचाच हात लागला होता.

त्या गडबडीत टेलरताई पुढे आली. तिच्या चेहऱ्यावर इतका उजेड पडला होता की रीडरकाकांना तिच्याकडे बघवेना.

“म्हणजे आमच्या घरात काही नव्हतं ना, काका?” ती म्हणाली. “मी सगळं बंद करायचे तरी आकडा वाढायचा. मला वाटलं भिंतीत कुठे तार गळतेय. भिंत फोडायला माणूसही बघून ठेवला होता.” तिने वडिलांकडे बघितलं. “मग उद्या दुपारपासून बाबांचा पंखा लावला तर चालेल ना?”

 रीडरकाकांनी बायकोकडे बघितलं. ती आपल्या नखांकडे बघत होती.

“मीटर बरोबर आहेत,” रीडरकाका म्हणाले. “सगळे बरोबर आहेत. चुकलोय तो मी.”

मग त्यांनी सगळ्यांना जिन्याखाली नेलं, फाटलेली पाटी दाखवली, खालचं चित्र दाखवलं, आणि बटण दाबायच्या आधीचा आणि नंतरचा आकडा प्रत्येकाकडून मोठ्याने वाचून घेतला. फळा पुसला आणि मागच्या तीन आठवड्यांच्या आकड्यांनी पुन्हा लिहिला. या वेळी सर्वांत जास्त देणाऱ्यांच्या ओळीत टेलरताईचं नाव आलं. सर्वांत जास्त घेणाऱ्यांत पहिलं नाव लिहिताना खडू मोडला, तेव्हा त्यांनी उरलेल्या तुकड्याने ते पुरं केलं. दुकानदार आपल्या नावाकडे बघून म्हणाला की आकडे कधीकधी फसवे असतात, पण आता त्याचं ऐकायला कुणी नव्हतं. ज्याचा त्याचा मीटर ज्याने त्याने वाचायचा, हे तिथेच ठरलं. रीडर लागत नाही, असं ठरवताना कुणी रीडरकाकांकडे बघितलं नाही, ही त्यांची भलमनसाई.

टेलरताई शेवटपर्यंत चित्रापुढे उभी होती.

“मी तुम्हाला दुसऱ्या आकड्याचं विचारलं होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“तुम्ही म्हणालात, कंपनीचा आहे.”

“मला माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायला जीभ उचलली नाही.”

 ती रागावली असती, रडली असती, तर रीडरकाकांना बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “मला तर खात्री होती की चूक माझ्यातच असणार. तुम्ही वाचलं होतं ना.” आणि घरात गेली. थोड्या वेळाने आतून मोटर जोडल्याचा खटका ऐकू आला आणि मशीन गुणगुणायला लागलं.

लिमिटर वाया गेला नाही. सलग तीन रविवार सर्वांत जास्त घेणारं घर एकच होतं, आणि नियम रीडरकाकांनीच केला होता. लोक म्हणाले, जाऊ द्या, वयस्कर माणूस आहे. पण सोमवारी वायरमन आला तेव्हा बायकोनेच दार उघडून त्याला आत घेतलं. आता ती बिस्किटं इमारतीच्या सामाईक खोलीत, भर उन्हाच्या वेळी भाजते, आणि रीडरकाका कोमट पाण्याने अंघोळ करतात.

पंखा लिमिटरवरही चालत होता. तरी पुढच्या काही दुपारी रीडरकाकांनी तो लावला नाही. पुठ्ठा घेऊन ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसायचे. प्रायश्चित्त म्हणून, आणि खरं सांगायचं तर येणाऱ्याजाणाऱ्याला ते दिसावं म्हणूनही. म्हातारा आता तिथे नसायचा, घरात पंख्याखाली झोपलेला असायचा. रीडरकाका बनियन पाठीला चिकटेपर्यंत बसायचे आणि वाऱ्याची वाट बघायचे. एक दिवस बसले, दुसऱ्या दिवशी बसले. वर जिन्याची बंद खिडकी, खाली बंद दार. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की इथे वारा येत नाही. कधीच येत नसणार. घामाने निथळत बसलेला तो म्हातारा, आपल्या मुलीला बोल लावणाऱ्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून, हसून खोटं बोलला होता.

ते तसेच बसून राहिले. मशीनची गुणगुण थांबली आणि टेलरताई दारात आली, गळ्यात मोजपट्टी, बाहीला सुई अडकवलेली.

“काका, घरी जा. पंखा लावून पडा जरा,” ती म्हणाली. “आज ऊन चांगलं आहे, आमच्याकडे उरलंय.”